दुधाच्या दातांचे दिवस

फोनवरचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं. "दीदी, बहुत काटता है." मग जात कळते, किंमत कळते, कुठून आणलं ते कळतं. वय मात्र विचारून काढावं लागतं, आणि ते अडीच ते पाच महिन्यांच्या मधलंच निघतं. शेवटचा प्रश्नही ठरलेला: किती दिवसांत सुटेल? सवय आधी सुटेल की तुमचा धीर, असं अगदी तोंडावर येतं, पण धंद्यात असं बोलून भागत नाही.

रायपूरमध्ये घरोघर जाऊन पिल्लांना वळण लावायचं काम मी कितीतरी वर्षं करते आहे. वाढले तात्यापाऱ्यात. घरात मराठी, गल्लीत हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी. आमच्या घरी कुत्रा नव्हता. आजीच्या सोवळ्यात तो बसला नसता. मी आधी एका जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होते. इंजेक्शन देताना जनावर धरून ठेवायचं, एवढंच काम. धरता धरता कळायला लागलं, की मालकांचे निम्मे प्रश्न औषधाचे नसतात. डॉक्टरांना वेळ नसायचा, मग लोक दाराबाहेर मलाच गाठायचे.

तेव्हा शहरही बदलत होतं. 1 नोव्हेंबर 2000 ला छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि बघता बघता शंकर नगर, देवेंद्र नगर, मोवा, व्हीआयपी रोड अशा बाजूंना बंगले आणि सोसायट्या उभ्या राहिल्या. कुत्रेही बदलले. आमच्या लहानपणी पाळीव कुत्रा म्हटलं की पांढरं पामेरियन. मग लॅब्राडॉर आला, जर्मन शेफर्ड आला, रॉटवायलर आला. आता लोक हस्की पाळतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जाणाऱ्या गावात! त्यावर मी काही बोलत नाही. बोलले तरी पिल्लू आधीच घरात आलेलं असतं.

दात मात्र सगळ्या जातींना सारखेच. तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात यायला लागतात, एकूण 28. साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत 42 पक्के दात येतात. या मधल्या काळात हिरड्या सुजतात, शिवशिवतात, आणि समोर येईल ते दातांखाली घ्यावंसं वाटतं. घरात कुठेतरी तांदळाएवढा दात सापडतो, गालिच्यावर रक्ताचा ठिपका दिसतो, आणि मंडळी घाबरून फोन करतात. ते रक्त पिल्लाच्याच हिरडीचं असतं.

पण दात येतात म्हणून चावतं, हे अर्धंच कारण आहे. पिल्लाला हात नाहीत. ओळख करून घ्यायची, खेळायचं, चिडायचं, बोलवायचं, सगळं तोंडानंच. लॅब्राडॉर तर शिकार अलगद तोंडात धरून आणण्यासाठीच पैदा केलेली जात. मेंढ्या हाकणाऱ्या जातींना पळत्या पायाची टाच धरायची ओढ उपजतच असते. जर्मन शेफर्डचं पिल्लू पायजम्याच्या मागे धावतं ते कुणी शिकवलेलं नसतं.

माझं शिक्षण मात्र जातिवंत कुत्र्यांकडून झालं नाही. मोव्याला एका अर्धवट बांधलेल्या घराच्या जिन्याखाली गल्लीतली एक कुत्री व्याली होती. समोरच्या घरी माझं काम चालू होतं, त्यामुळे जाता-येता मी तिथे रेंगाळायची. पिल्लं महिनाभराची झाली, दात फुटले, तसं दूध पिताना ती आईला टोचायला लागली. मला वाटलं, ही आता फाडून खाणार एखाद्याला. तिनं काहीच केलं नाही. जरा जोरात दात लागला की ती उठायची आणि चालू लागायची. पिल्लं आचळाला लोंबकळत दोन पावलं फरपटत यायची आणि गळून पडायची. ती सिमेंटच्या पोत्यांपाशी जाऊन पाठ करून बसायची. थोड्या वेळानं परत यायची, शांतपणे आडवी व्हायची, दूध पुन्हा चालू. फारच झालं तर एखादी गुरगुर, नाहीतर तोंडावर तोंड ठेवून क्षणभर दाबून धरणं. भावंडांचंही तसंच. एकाचा कान जोरात धरला गेला की तो केकाटून बाजूला व्हायचा, आणि चावणाऱ्याचा खेळ तिथेच संपायचा. दाताला जोर लावला की दूध जातं, खेळही जातो. पुढची सगळी वर्षं मी लोकांच्या घरात एवढंच करायला सांगत आले आहे.

म्हणूनच आईपासून लवकर तोडलेलं पिल्लू मला लगेच ओळखू येतं. 2017 च्या श्वान-प्रजनन आणि विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. प्रत्यक्षात महिन्याचं, पाच आठवड्यांचं पिल्लू पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून दिलं जातं, आणि घेणारेही खूश असतात, कारण लहान असलं की लळा लवकर लागतो म्हणे. त्या मधल्या तीन आठवड्यांत जे भावंडांनी शिकवायचं, ते मग आजीच्या मनगटावर शिकलं जातं.

इयान डनबार नावाचे एक पशुवैद्य आहेत, मूळचे इंग्लंडचे, अमेरिकेत स्थायिक झालेले. लहान पिल्लांचे मोकळे वर्ग त्यांनी 1980 च्या दशकात सुरू केले. त्यांचं एक म्हणणं मला फार पटलं: आधी चावण्याचा जोर कमी करा, वेळा नंतर. पिल्लाला तोंड लावायला पहिल्या दिवसापासून पूर्ण बंदी केली, तर आपल्या जबड्यात ताकद किती आणि समोरच्याच्या कातडीची सहनशक्ती किती, हे त्याला कधी कळतच नाही. पुढे मोठेपणी कुणी चुकून शेपटीवर पाय दिला आणि तो वळला, तर काय होईल ते या दिवसांतल्या शिकण्यावर ठरतं. म्हणून सुरुवातीला मी हलकं तोंड चालवून घ्यायला सांगते, टोचलं की खेळ बंद करायला सांगते. पुढे हलकंही बंद. लोकांना हे उलटं वाटतं. त्यांना आजच्या आज शून्य हवं असतं.

पुस्तकांत आणि व्हिडिओंत अजून एक युक्ती असते: चावलं की पिल्लासारखं केकाटा. मी ती पुष्कळ घरांत करून पाहिली आहे. लॅब्राडॉर कित्येकदा दचकून थांबतो, हात चाटतो. बीगलला आणि शेफर्डला मात्र वाटतं, वा, हे खेळणं आवाजही करतं! ते दुप्पट जोरानं येतात. लहान मुलांच्या किंचाळण्याचंही तेच. म्हणून केकाटणं मी सोडलं आणि जिन्याखालच्या आईकडे परत गेले.

आता पद्धत सांगते. दात टोचला की हात हिसकायचा नाही. हिसकला की पिल्लू ओढतं, आणि सुईसारख्या टोकांनी कातडी फाटते. बहुतेक जखमा चाव्याच्या नसतात, ओढाओढीच्या असतात. हात सैल सोडायचा, निर्जीव. पिल्लाची पकड ढिली पडते. मग एक अक्षर न बोलता उठायचं आणि जाळीच्या दाराच्या पलीकडे जायचं. पंधरा-वीस सेकंद, जास्त नको. पाच मिनिटं गेलात तर पिल्लू झोपून जाईल, किंवा सोफ्याचा कोपरा खाईल. शिक्षा कशाची होती हे तर ते केव्हाच विसरलेलं असेल. परत यायचं, काही घडलंच नाही असं वागायचं, आणि हातात त्याची चावायची वस्तू घेऊनच यायचं.

सांगायला सोपं. करताना घरोघर एकच फजिती. "मी तर रागावते ना!" असं वहिनी म्हणतात. रागावणं म्हणजे पिल्लाच्या हिशेबी गप्पाच. तुम्ही त्याच्याकडे बघता, वाकता, बोट नाचवता, त्याला ढकलता. याहून मजेचं काय असतं? आणि आणखी एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी बजावून सांगते. पहिले तीन-चार दिवस ते जास्त चावेल. आजवर चालत आलेलं नाणं अचानक का चालेना, म्हणून ते आणखी जोर लावून बघतं. निम्मी घरं इथेच हात टेकतात आणि मला फोन करतात, की तुमच्यामुळे वाढलं.

एका घरी वहिनींच्या साड्यांचे पदर उसवायचे आणि काका संतापायचे. कुत्रा बावळट आहे, बदलून घ्यावा, इथपर्यंत बोलणं गेलं होतं. मी मुद्दाम संध्याकाळी गेले. काका कामावरून आले, गमछा गळ्यातून काढला, आणि पिल्लासमोर सापासारखा फिरवायला लागले. पिल्लू झेपावतंय, काका हसताहेत, "शेर है मेरा!" अर्ध्या तासानं वहिनी चहा घेऊन समोरून गेल्या, पदर मागे हलत होता. पुढचं सांगायला नको. काकांचं म्हणणं, गमछा वेगळा, साडी वेगळी. पिल्लाला हा फरक कोण समजावणार? ओढाओढीच्या खेळाला माझा विरोध नाही, उलट तो चांगलाच. पण ठरलेल्या दोरीनंच, आणि "सोड" म्हटल्यावर सोडलं तरच पुढची ओढ. काकांना हे पटायला पिल्लापेक्षा जास्त दिवस लागले.

गमछ्याचा खरा उपयोग वेगळाच आहे. गोलबाजारात मिळतो तो साधा सुती गमछा घ्यायचा, जुना असला तर उत्तम. पाण्यात भिजवून पिळायचा, पीळ देऊन मध्ये दोन-तीन घट्ट गाठी मारायच्या आणि दीड-दोन तास बर्फाच्या कप्प्यात ठेवायचा. बाहेर काढल्यावर तो लाकडासारखा कडक लागतो, पण दाताखाली हळूहळू मऊ होत जातो आणि हिरडीला गारवा देतो. मांसाहारी घर असेल तर कोंबडी उकडलेलं बिनमिठाचं, बिनकांद्याचं पाणी थोडं वापरावं. मग पिल्लू बाकी जग विसरतं. मे महिन्यातल्या तीनच्या उन्हात, कूलर घुरघुरत असताना, फरशीवर पसरलेलं पिल्लू दोन पायांत गमछा धरून दाढांनी करकर चावत बसतं, आणि घरातल्या माणसांना तासभर झोप मिळते. धागे सुटायला लागले की मात्र तो लगेच काढून घ्यायचा. गिळलेला धागा आतड्यात अडकला तर पोट फाडावं लागतं. दवाखान्यात असताना मी ते पाहिलं आहे. जाड गाजर गार करूनही चालतं. शिजवलेलं हाड कधीच नाही, त्याच्या काचा होतात. आणि ज्यावर नख दाबलं तरी खूण उमटत नाही, असं काही चावायला देऊ नये, दात तुटतात.

संध्याकाळी सात-आठच्या सुमारास पिल्लू अंगात आल्यासारखं घरभर धावतं आणि दिसेल त्याला चावतं, ही तक्रार सगळीकडून येते. मी विचारते, दुपारी किती झोपलं? पिल्लाला दिवसाकाठी अठरा तासांच्या आसपास झोप लागते. आपल्याकडच्या भरल्या घरात ती मिळतच नाही. मुलगा शाळेतून आला, उठवलं. मावशी आल्या, उठवलं. शेजारची मुलं बघायला आली, उचललं, फोटो काढले. संध्याकाळपर्यंत ते रडकुंडीला आलेलं असतं, आणि त्याला रडता येत नाही म्हणून चावतं. अशा वेळी वळण लावायला बसू नये. कोपरा द्यावा, दिवा मालवावा, झोपू द्यावं.

मुलांना शिकवणं मला सगळ्यात सोपं जातं. "धावू नका, ओरडू नका" हे मुलांना सांगून उपयोग नाही. मी "स्टॅच्यू" खेळायला लावते. पिल्लू पायाशी आलं की स्टॅच्यू: हात छातीशी, नजर छताकडे, गप्प. जो हलला तो आउट. मुलं इमानदारीत खेळतात, पिल्लू दोनदा हुंगून कंटाळून निघून जातं. मोठी माणसं मात्र स्टॅच्यू होऊ शकत नाहीत. त्यांना समजवायचंच असतं.

चावण्यावरचे घरगुती उपाय ऐकाल तर अंगावर काटा येईल. नाकावर टिचकी, गुंडाळलेलं वर्तमानपत्र, जबडा दाबून धरणं, बोटांना मिरची चोळणं. एका रॉटवायलरच्या पिल्लाला गुरगुरलं की मारायचे. महिन्याभरात गुरगुरणं बंद झालं, घरचे समाधानी. मला बोलावलं तेव्हा तो दीड वर्षाचा होता आणि पाहुण्याच्या दंडाचा लचका तोडून बसला होता. "काही सूचनाच दिली नाही हो त्यानं," असं घरचे पुन्हा पुन्हा सांगत होते. सूचना देण्याबद्दल तो मार खाऊन मोठा झाला होता. त्या कुत्र्यासाठी मी फार काही करू शकले नाही. तोंडाला जाळी, वेगळी खोली, आणि आयुष्यभराची खबरदारी.

आता एक विषय, ज्यावर मी हसून बोलत नाही. "दुधाच्या दातांना विष नसतं" हे वाक्य मी शिकलेल्या, मोटारीतून फिरणाऱ्या लोकांकडून ऐकलं आहे. रेबीजला दुधाचा दात आणि पक्का दात कळत नाही. रेबीजची पहिली लस पिल्लाला साधारण तीन महिन्यांनंतर मिळते. चावण्याचा सुळसुळाट त्याच्या आधीपासूनच असतो, आणि पिल्लाची आई कुठे, कुणाबरोबर होती हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून दात लागून खरचटलं तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं, हळद-चुना-मिरची काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत सीरमही लागतं. जुनी माणसं पोटातल्या चौदा इंजेक्शनांच्या भीतीनं गप्प राहतात. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस होती, सेंपलनं 1911 मध्ये कसौलीला काढलेली. आपल्याकडे तिचं उत्पादन 2004 च्या अखेरीस बंद झालं. आता दंडात टोचतात. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात ती लस पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा, अशी असते.

बालोद जिल्ह्यात खपरी गावाला कुकुरदेवाचं मंदिर आहे, गाभाऱ्यात कुत्र्याची मूर्ती. फणी नागवंशी राजांच्या काळातलं म्हणतात. गोष्ट अशी सांगतात, की एका बंजाऱ्यानं कर्जापायी आपला कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवला. सावकाराकडे चोरी झाली, कुत्र्यानं चोरीचा माल दाखवून दिला. खूश होऊन सावकारानं त्याच्या गळ्यात चिठ्ठी बांधली, कर्ज फिटलं असं लिहून, आणि त्याला घरी पाठवलं. बंजाऱ्याला वाटलं, पळून आला. त्यानं काठी घातली, कुत्रा मेला, मग चिठ्ठी दिसली. कुत्रा चावला की लोक तिथे प्रदक्षिणा घालायला जातात. जावं की. इंजेक्शन घेऊन जावं.

घरातल्या सगळ्यांची चौकशी होते, कामाला येणाऱ्या बाईची होत नाही. पोछा मारताना ओलं फडकं फरशीवर सरकतं, पिल्लाला वाटतं शिकार. फडक्यामागे हात असतो आणि जमिनीलगत पावलं. शंकर नगरच्या एका घरी बाईंच्या घोट्यांवर ओरखडेच ओरखडे होते. मालकीणबाई म्हणाल्या, खेळतंय ते. बाई मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, "दीदी, एला बांध के राखव, नई त मैं काली ले नई आवंव." मी त्यांच्या इंजेक्शनाचं आणि त्या दिवसांच्या भरपगारी सुट्टीचं आधी बोलून घेतलं, कुत्र्याचं नंतर. पोछ्याच्या वेळी पिल्लू दुसऱ्या खोलीत, समोर गार गमछा, असं ठरलं. गंमत म्हणजे त्या घरात पिल्लू पहिल्यांदा कुणाशी सुधारलं असेल तर त्या बाईंशी. त्यांना त्याचं कौतुक नव्हतं. ते आलं की त्या थांबायच्या, तोंड फिरवायच्या, ते गेलं की काम पुढे चालू. त्याच्याकडून प्रेम मिळावं अशी त्यांची काही अपेक्षाच नव्हती.

सातव्या महिन्यापर्यंत बहुतेकांचं निभतं. लहान जातींमध्ये दुधाचा सुळा कधीकधी पडतच नाही आणि शेजारी पक्का सुळा येतो, जोडसुळा दिसतो. तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा लागतो.

सगळीकडे निभतंच असं नाही. चौबे कॉलनीच्या बाजूला एका घरात आजोबा होते, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू, हातांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. नातवाच्या वाढदिवसाला लॅब्राडॉरचं पिल्लू आलं होतं, स्वभावानं गरीब, तोंडही इतरांच्या मानानं हलकं. पण आजोबांना नुसता दात घासला तरी रक्त थांबायला वेळ लागायचा, आणि आजोबांनाच ते सगळ्यात प्रिय. जाळी लावली, वेळा वाटून घेतल्या. आजोबा जाळीतून हात घालून पोळीचा तुकडा द्यायचे. दिवाळीच्या आधी एका रात्री त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी घरच्यांनी मला बोलावलं ते विचारायला, की आणखी काही उपाय आहे का. मी म्हटलं, उपाय आहे, वेळ नाही. ते पिल्लू अभनपूरला त्यांच्या नात्यात गेलं, शेतावर. नातू माझ्याशी बोलला नाही. आजोबाही नाही.

हल्ली फोन आला की मी जात विचारत नाही. आधी विचारते, घरात कोण कोण आहे, कुणाला कुठल्या गोळ्या चालू आहेत, कामाला कोण येतं. पलीकडून थोडं थांबून उत्तर येतं, "दीदी, ट्रेनिंग तो कुत्ते की है ना?"